वाटीतली तेरावी पिन

बापू,

तुमच्या दिवसांत मी रोज घरी येत होतो. भिंतीलगतच्या खुर्चीवर बसत होतो, आल्यागेल्याला पाणी देत होतो, आणि त्या सगळ्या दिवसांत माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात ती पिन होती. कोणी तुमच्याबद्दल चांगलं बोलायला लागलं की माझा हात आपोआप तिकडे जायचा. दहाव्याला तुमच्या पुतण्यानं पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सुटले बिचारे, काही मागे राहिलं नाही, असं जो तो म्हणाला. मला मात्र त्या कावळ्याचा राग आला. त्यानं अडून बसायला हवं होतं. बापूंचं काय राहिलंय असं कोणीतरी विचारायला हवं होतं, म्हणजे मला तिथेच, सगळ्यांसमोर सांगता आलं असतं.

नाही विचारलं कोणी. म्हणून हे लिहितोय. तुम्ही असता तर म्हणाला असतात की लेथवाल्यानं लेथ चालवावा, कागद काळे करू नयेत. पण लेथ तुम्ही गेलात त्या दिवसापासून बंदच आहे.

लोक जे बोलले ते खोटं नव्हतं. ग्वाल्हेरात असा मिस्त्री झाला नाही, पंडितजींच्या हाताला यश होतं, दिल्ली-जयपूरहून लोक गाड्या घेऊन यायचे. खरं आहे. सत्तर-सत्तर वर्षांच्या गाड्या ट्रकवर लादून नई सडकेमागच्या आपल्या गल्लीत यायच्या, इंजिनं मेलेली, आणि जाताना नव्या कोऱ्या होत्या तेव्हापेक्षा जोरात पळायच्या. पण त्या बोलण्यात तुम्ही कुठेच नव्हतात. तुमचा हेका नव्हता. दुपारी एक ते दोन कोणी मेलं तरी उठवायचं नाही ही शिस्त नव्हती. कोणी बॉनेटवर हात टेकून उभं राहिलं की तुमच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते नव्हतं. माणूस गेला की लोक त्याला फार लवकर गुळगुळीत करून टाकतात. मी तसं करणार नाही. तुम्ही हट्टी होतात आणि मी तापट, आणि ह्या दोन गोष्टींनी मिळून जे केलं ते मला सांगायचं आहे.

गिरणीचं वर्कशॉप बंद पडल्यावर मी तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही माझी परीक्षा वगैरे घेतली नाहीत. इंजिनातला फिरता दांडा, एक क्रँक, हातात दिलीत आणि घासून द्या म्हणालात. मी घासली. तुम्ही तिच्यावरून अंगठा फिरवलात आणि काही न बोलता माझ्या टेबलावर परत ठेवलीत. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तुम्ही ती आत घेऊन गेलात, तेव्हा मला कळलं की नोकरी लागली. मी घरी जाऊन तुम्हाला यथेच्छ शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी हजर झालो. पुढे मागची खोली माझी, पुढची तुमची, आणि मधल्या दारातून तीस वर्षं भांडण.

तुमच्या घराण्यात भिक्षुकी. आजोबा दरबारच्या देवळात पूजेला होते, वडिलांनीही तेच धरलं, तुम्ही ते सोडून इंजिनं धरलीत. पण सोवळं काही सुटलं नाही. इंजिन उघडणं, धुणं, घासणं, मोजणं ही कामं कोणीही कधीही करावीत. ते पुन्हा जोडून बांधायचा दिवस मात्र वेगळा. त्या दिवशी तुम्ही आंघोळ करून, धुतलेला लेंगा-सदरा घालून, कपाळाला गंध लावून यायचात. खोलीची फरशी आदल्या दिवशी धुतलेली असायची. उंबऱ्याच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही आणि कोणी बोलायचं नाही. तुमच्या हातून चूक होताना दिसली तरी बोलायचं नाही. मध्ये बोलणारा एक चूक थांबवतो आणि दोन करवतो, हे तुमचं म्हणणं. धुळीचा कण बेअरिंगमध्ये गेला तर इंजिन जातं, एवढं मला पटत होतं. गंध कशाला, हे मी वर्षानुवर्षं विचारत राहिलो. तुम्ही म्हणायचात, तुम्ही घोडदळवाले, नाल ठोकली की झालं तुमचं काम. मी म्हणायचो, निदान आमचा घोडा चालायचा तरी, तुमच्या पळी-पंचपात्रानं कोणती लढाई मारली ते सांगा. आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यांवर आले आणि तुमचे त्यांच्या मागून पोथ्या घेऊन. एवढ्या भांडवलावर आपण रोजचा चहा गोड केला.

आणि ती पितळेची वाटी. परवा तुमच्या पुतण्यानं फळीवरून ती उचलली आणि पूजेतली वाटी इथे काय करते म्हणून विचारलं, तेव्हा मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. सहा सिलिंडरच्या इंजिनात सहा रॉड असतात, ते पिस्टनला क्रँकशी जोडतात. प्रत्येक रॉड दोन नटांनी आवळलेला. इंजिन मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घ्यायला लागलं की नट सैल पडू पाहतो, म्हणून नटाच्या खाचेतून एक बारीक पिन आरपार घालून तिचे दोन पाय दोन बाजूंना वाकवायचे. बारा नट, बारा पिना. एक जरी राहिली तर तो नट आज ना उद्या सुटणार, रॉड मोकळा होणार आणि भर वेगात इंजिनाची भिंत फोडून बाहेर येणार. म्हणून तुम्ही वाटीत मोजून बाराच पिना घेऊन बसायचात. काम संपलं की रिकामी वाटी उंबऱ्याबाहेर सरकवायचात आणि मी ती धुवायची. तेवढंच तुमचं प्रमाणपत्र. इतर मिस्त्री मूठभर पिना जवळ घेऊन बसतात, त्यांना तुम्ही हसायचात. जास्तीची पिन घेणारा माणूस पाडायचं आधीच ठरवून बसलेला असतो, असं तुम्ही प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचात. पुतण्यालाही मी ते ऐकवलं आणि वाटी त्याच्या हातातून घेऊन परत फळीवर ठेवली.

रॉड तोलायला आपण सराफ्यात जायचो, ते आठवतंय ना? जोरात फिरणाऱ्या इंजिनात सहाही रॉड एकाच वजनाचे लागतात, आणि आपल्याकडचा काटा तुमच्या मनास कधी आला नाही. टॉवेलात गुंडाळलेले रॉड पिशवीत घालून आपण बाड्याच्या चौकाला वळसा घालून चांदीवाल्याच्या दुकानी. तो म्हणायचा, "पंडितजी, आज किस बहू के कंगन लाए हो?" तुम्ही न हसता एकेक रॉड त्याच्या काट्यावर ठेवायचात. जड निघाला तो तिथेच पायरीवर बसून कानशीनं घासायचा, पुन्हा तोलायचा. दागिने घ्यायला आलेल्या बायका आपल्याला ओलांडून आत जायच्या. एकदा एका आजीबाईंनी वाकून विचारलं की हे कोणत्या देवाचं आयुध, आणि तुम्ही गंभीरपणे सांगितलंत, अग्नीचं. त्यांनी रॉडला नमस्कार केला. मी हसून पायरीवर लोळायचाच बाकी होतो. परत येताना पाटणकर बाजारात तुम्ही मला कचोरी खाऊ घातलीत आणि सगळा रस्ता स्वतःच हसत राहिलात. ती दुपार मला पुन्हा जशीच्या तशी हवी आहे, बापू.

टॉर्क पान्यावरून मात्र आपण खरं भांडलो. नट किती जोरानं आवळलाय ते सुईवर दाखवणारा तो पाना मी हौसेनं मागवला होता. तुम्ही तो हातात घेतलात, छान आहे म्हणालात आणि खिळ्याला टांगलात. तिथेच तो अजून आहे. तुम्ही म्हणायचात, मनगटाला कळतं. मी म्हणालो, मनगट म्हातारं होतं, सुई होत नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो तेव्हा तुमचे केस काळे होते आणि आपण दोघंही हसलो होतो. मला ते इतकं आवडलं की पुढे मी ते जपून, धार लावून वापरत राहिलो.

यातली एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, त्या हिरव्या गाडीचं इंजिन बांधत असताना वहिनी न्हाणीघरात घसरल्याचा निरोप आला. तुमचे नट आवळून झाले होते, पिना लावायच्या राहिल्या होत्या. तसेच धावलात. मी उंबऱ्यावर बसलेला. तुम्ही गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत थांबलो, चपला काढल्या, आत शिरलो आणि खिळ्यावरचा पाना काढला. बाराही नटांना लावून पाहिला. बाराही वेळा सुई एकाच आकड्यावर येऊन थांबली, फरक म्हणावा तर एका नटात केसाएवढा. मी पाना पुसून परत टांगला आणि बाहेर येऊन बसलो. तुम्ही परत आलात, नुसता हात मुरगळलाय म्हणालात, हातपाय धुतलेत आणि पिना लावायला बसलात. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. सांगितलं असतं तर भांडण कायमचं मिटलं असतं, आणि ते तुम्ही जिंकला असतात. एवढ्याचसाठी नाही सांगितलं. तुमचं मनगट सुईइतकं खरं आहे हे मोजून माहीत असलेला जगात मी एकटा होतो, आणि ते मी माझ्यापाशी ठेवलं.

कर्नलसाहेबांची गाडी गेल्या पावसाळ्यात आली. साहेब मुरारला राहतात, निवृत्त झालेत, आणि हौस विशीतल्या पोराची. सहा सिलिंडरची, दोन सीटांची जुनी उघडी गाडी. जुन्या गाड्यांच्या डोंगरी शर्यतीत ते ती चालवणार होते आणि शेजारच्या सीटवर नकाशा घेऊन त्यांची मुलगी बसणार होती. क्रँक मी घासली, सिलिंडर मी आतून कापले. तुम्ही हेड घासून दाब वाढवलात, हवा आत जायच्या वाटा बोटानं चाचपत गुळगुळीत केल्यात. कित्येक महिने त्यात गेले. त्याच महिन्यांत मला दिसत होतं की चहाचा पेला तुम्ही दोन्ही हातांनी धरता. सदऱ्याचं वरचं बटण उघडंच असायचं. एकदा कानस हातातून पडली, तेव्हा ती मुद्दाम टाकल्यासारखी तुम्ही सावकाश उचललीत. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत. आपलं असंच होतं. नटाबद्दल तासभर भांडू, दुखण्याबद्दल एक शब्द नाही.

पौषात बांधायचा दिवस ठरला. धुकं दहा वाजले तरी हटत नव्हतं. तुम्ही आंघोळ करून, गंध लावून आलात, आणि मी उंबऱ्यावर बसलो. रॉडच्या कामाला तुम्हाला एरवी दोन तास पुरायचे, त्या दिवशी पाच लागले. तुमची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे हात दिसत नव्हते, नुसते खांदे दिसत होते. मध्ये दोनदा तुम्ही थांबलात आणि हात काखेत दाबून उभे राहिलात. एकदा काहीतरी टिणकन फरशीवर पडलं आणि तुम्ही वाकून बराच वेळ शोधत राहिलात. मी उठायला लागलो आणि परत बसलो.

मग तुम्ही चेंबर लावलंत, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं पात्र, बावीस बोल्टांचं. आणि शेवटी शेंदूर. तेलात कालवलेल्या शेंदराची एकेक रेघ, अर्धी बोल्टच्या डोक्यावर आणि अर्धी चेंबरवर. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. इतर लोक त्याला रंग वापरतात, तुम्ही मारुतीचा शेंदूर. एकदा शेंदूर लागला की ते इंजिन आपल्याकडे कोणी उघडायचं नाही. त्या दिवशी रेघासुद्धा वाकड्या आल्या होत्या. तुम्ही वाटी उंबऱ्याबाहेर सरकवलीत आणि घरी गेलात.

मी वाटी उचलली. तिच्यात एक पिन होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती तुमच्यासमोर धरली. तुम्ही आधी तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे.

"बाराच्या बारा लागल्यात, विजू."

"मग ही कुठून आली?"

तुम्ही खिडकीकडे वळलात. मी पुन्हा विचारलं. वाटीत बारा होत्या, बारा लागल्या, तर उरली कशी, एवढा हिशेब घोडदळालाही येतो, असंही काहीतरी बोललो. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. तुमच्या गप्प बसण्याचा मी एकच अर्थ लावला आणि तो पक्का केला: पिन राहिली आहे, तुम्हाला ते माहीत आहे, आणि स्वतःचा शेंदूर मोडायची लाज वाटते आहे. मी म्हणालो, उघडू या. तुम्ही म्हणालात, शेंदूर लागलाय. मी म्हणालो, त्या गाडीत एक पोरगी बसणार आहे. तुम्ही म्हणालात, कोण बसणार आहे ते मला माहीत आहे. मग मी ते बोललो.

"बापू, आता तुमच्यानं होत नाही. कबूल करून टाका."

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त दोन्ही हात सदऱ्याच्या खिशांत घातलेत.

"उघडायचं तर तू उघड," तुम्ही म्हणालात. "मी नाही बोलणार उघड म्हणून."

मी उघडलं नाही. मला ते तुमच्याच हातानं उघडायला लावायचं होतं, हे आता स्पष्ट लिहितो. पोरीच्या जिवाची काळजी खरी होती, पण नुसती तीच असती तर मी त्याच दुपारी पाना उचलला असता. तुम्ही कबूल केल्याशिवाय इंजिन गाडीत चढणार नाही असा मी हट्ट धरला, आणि साखळीनं उचलून ते चढवणं तुमच्या एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं. तुम्ही रोज येत होतात आणि इंजिनासमोर स्टूल टाकून बसत होतात. मी मागच्या खोलीत लेथ उगाच चालू ठेवत होतो, म्हणजे बोलावं लागू नये. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुम्ही दारात येऊन म्हणालात, एकदा चालू करून ऐकू तरी दे रे. मी लेथ बंद केला नाही. आठव्या दिवशी तुम्ही आला नाहीत. वहिनींचा फोन आला, की पूजेला बसले होते आणि बसल्या जागी कलंडले. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

तुम्ही बांधलेलं शेवटचं इंजिन तुम्हाला ऐकायला मिळालं नाही. त्या कावळ्याला हे कोणीतरी सांगायला हवं होतं.

दिवस झाल्यावर कर्नलसाहेबांनी हळूच विचारलं की गाडीचं कसं करायचं. आता उघडणं भाग होतं. त्या सकाळी मी आंघोळ करून गेलो, हसू नका. गंध मात्र लावलं नाही. स्टँडवर इंजिन उलटं केलं, पहिल्या बोल्टला पाना लावला आणि बावीसच्या बावीस रेघा एकेक करून तोडल्या. चेंबर उचललं. क्रँक हातानं फिरवत एकेक नट वर आणला आणि बॅटरीच्या उजेडात मोजायला लागलो. पहिल्या रॉडवर दोन पिना. दुसऱ्यावर दोन. मी पाचव्याची वाट बघत होतो, कारण ती टिणकन पडलेली वस्तू पाचव्याच्या वेळची, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. पाचव्यावर दोन. सहाव्यावर दोन. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, मग प्रत्येकीला बोट लावून मोजलं. बारा होत्या.

पहिल्या चार रॉडवरच्या पिना तुमच्या नेहमीच्या, एक पाय वर, एक खाली, चापून बसवलेल्या. पुढच्या दोन्हींवर नटांच्या कडांना पक्कड घसरल्याचे ओरखडे होते. एका नटावर मी नऊ मोजले. नऊ वेळा पक्कड सुटली आणि दहाव्यांदा तुम्ही तो पाय वाकवलात, आणि असा वाकवलात की माझ्या नखानं हलत नव्हता. मी फरशीवर बसलो आणि मोठ्यानं रडलो. गल्लीतल्या लोकांना वाटलं की तुमच्या आठवणीनं रडतोय, म्हणून कोणी आत आलं नाही.

तसाच उठून वहिनींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी पिन त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, इंजिनात बारा लागल्या होत्या, ही कुठली ते कळत नाही. त्यांनी ती लगेच ओळखली. आपलं कशावरून बिनसलं होतं हे त्यांना माहीतच नव्हतं. तुम्ही घरी एवढंच सांगितलं होतंत, की विजू रागावलाय, येईल ठिकाणावर.

"त्या दिवशी सकाळी त्यांची बोटं बिलकुल चालत नव्हती, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पिना उचलता येईनात. मला बोलले, तू गिनून दे. मी बारा गिनल्या. मग थोडं थांबून बोलले, एक अजून टाक, पडली तर शोधणं जमायचं नाही मला."

आणखी काही म्हणाले का, असं मी विचारलं.

"बोलले, विजूला नको सांगू. तो हसेल."

हसलो असतो का मी? हसलो असतो, बापू. पाडायचं आधीच ठरवून बसलेला माणूस, हे तुमचं वाक्य तुमच्याच तोंडावर फेकायची संधी मी सोडली असती, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पडलेली पिन तुम्ही वाकून शोधलीत, ती सापडली, म्हणून तेरावी उरली. इतकी साधी गोष्ट. पण ती सांगायची तर हात गेलेत हे सांगावं लागत होतं, आणि तेही नेमकं मला, ज्यानं मनगटाचं आणि सुईचं ते वाक्य इतकी वर्षं धार लावून ठेवलं होतं. हिरव्या गाडीच्या दिवशी सुई कुठे थांबली होती ते मी एकदा सांगितलं असतं, तर तुम्हीही पिनेचं सांगितलं असतंत असं मला वाटतं. खात्री नाही. आणि आणखी एक विचारायचं राहिलं. वाटी सरकवण्याआधी ती पिन तुम्ही खिशात टाकू शकला असतात. दमून विसरलात, की मला दिसावी म्हणून राहू दिलीत? मी नीट विचारेन असं तुम्हाला वाटलं होतं का?

सांध्यातून तेल गळू नये म्हणून नवं पॅकिंग कापून घातलं आणि चेंबर परत लावलं. प्रत्येक बोल्ट होता त्याच जागी, तुमच्याच क्रमानं, मधून बाहेर. माझी एक वेडी आशा होती की बोल्ट पुरते बसले की रेघा आपोआप जुळतील. बावीसपैकी तीन जुळल्या. बाकी सगळ्यांचा एक तुकडा इकडे आणि एक तिकडे. शेंदराची डबी फळीवरच आहे. मी झाकण उघडलं आणि परत लावलं. तुमच्या हातानं बंद झालेलं शेवटचं इंजिन आता माझ्या हातानं बंद झालेलं आहे. ते तुमच्यासारखं परत करता येणार नाही.

काल ते गाडीत चढवलं, कर्नलसाहेब, त्यांची मुलगी आणि मी, तिघांनी मिळून. दुसऱ्या फेऱ्याला सुरू झालं. कसं वाजत होतं ते तुम्हाला सांगायलाच हवं: सहाही एका दमात, तळाला कुठे खडखड नाही, पाय दाबला की आवाज वर चढतो पण फाटत नाही. गल्लीतले दुकानदार बाहेर येऊन उभे राहिले. तुमचं स्टूल मी समोर ठेवलं होतं.

कर्नलसाहेबांना तुमची रीत माहीत. ते बॅटरी घेऊन गाडीखाली वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि उठून त्यांनी विचारलं, "विजय जी, ये सिंदूर के निशान टूटे कैसे?"

पॅकिंग गळत होतं म्हणून सांगता आलं असतं. त्यांनी मान डोलावली असती आणि विषय तिथेच संपला असता. मुलगी ऐकत होती, दुकानदार ऐकत होते.

"पंडितजी पर शक किया था मैंने," मी म्हणालो. "खोलकर देखा. उनका काम सही था."

हे मला मराठीत बोलायचं होतं, बापू. तुमच्यासमोर, लेथ बंद करून.